काट्यावरचं शून्य आधी बघा

मिठाईच्या दुकानात रिकामा खोका काट्यावर ठेवतात, त्यात पेढे भरतात, आकडा १.००० झाला की झाकण लावून रबर चढवतात. गिऱ्हाईक तेवढ्यात मोबाईलवर कोड स्कॅन करत असतं. खोका ८० ग्रॅमचा धरा आणि पेढे ८०० रुपये किलो धरा. पुठ्ठ्याचे ६४ रुपये गेले. भांडायला जावं तर रक्कम किरकोळ, सोडून द्यावी तर मनात सलते. हा सगळा धंदा त्या किरकोळपणावरच चालतो, कारण दुकानदाराला दिवसाला असे शंभर खोके विकायचे असतात.

“सगळेच चोर” असं म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. वजन-मापाची फसवणूक इतर फसवणुकींसारखी धूसर नसते. जाहिरात खोटी होती की नुसती अतिशयोक्ती, यावर वाद घालता येतो; ४० ग्रॅम कमी भरले यावर येत नाही. वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालचे नियम ग्रॅम, मिलिलिटर, शिशाचं सील आणि तारीख अशा दिसणाऱ्या गोष्टींत बोलतात. ही फसवणूक टिकते ती बघायची जागा ठाऊक नसल्यामुळे. म्हणून इथे त्या जागाच सांगतो.

दुकानातला काटा

सुरुवात शून्यापासून. माल ठेवण्याआधी रिकाम्या पारड्यावर आकडा शून्यच हवा. ०.०२० किंवा ०.०३५ दिसत असेल तर तेवढं वजन प्रत्येक तोलात फुकट जमा होतं. परात किंवा डबा ठेवून तोलायचं असेल तर आधी रिकामी परात ठेवून ‘टेअर’चं बटण दाबतात आणि आकडा शून्य करतात. हे बरोबर आहे. परात उचलली की आकडा उणे दिसतो, उदाहरणार्थ –०.३१०, तेही बरोबर, ते परातीचं वजन आहे. गडबड कुठे होते? हलकी परात ठेवून टेअर करतात आणि माल जड परातीत तोलतात. त्यामुळे ज्या भांड्यात तोलणार तेच भांडं शून्यावर आलेलं तुमच्यासमोर दिसलं पाहिजे. मिठाईच्या खोक्याचंही तेच. “खोका ठेवून शून्य करा” एवढं म्हटलं की बहुतेक दुकानदार निमूटपणे करतात. न करणाऱ्याला खोका बाजूला ठेवून बटर पेपरवर तोलायला सांगा.

भाजीवाल्याची पद्धत वेगळी. बटाटे पारड्यात आपटून टाकले की आकडा क्षणभर वर उडतो, आणि तो खाली यायच्या आत पारडं उचललेलं असतं. इलेक्ट्रॉनिक काट्याला स्थिर व्हायला एक-दोन सेकंद लागतात. बऱ्याच काट्यांवर आकडा स्थिरावला की छोटी खूण उमटते. तोपर्यंत माल पारड्यात राहू द्या. पारड्याच्या कडेला टेकलेला अंगठा, पारड्याला घासणारी पोत्याची कड, पिशवीचा बंद हातात धरूनच केलेला तोल, हे सगळं याच जातीतलं.

काटा तिरका ठेवल्यावर काय होतं याबद्दल उलटा समज आहे. तिरक्या काट्यावर माल जड दाखवत नाही, किंचित हलका दाखवतो, कारण वजनाचा थोडा भाग बाजूला जातो. म्हणजे दुकानदार तुम्हाला विकत असेल तर तिरक्या काट्यात त्याचंच नुकसान. पण रद्दीवाला किंवा भंगारवाला तुमच्याकडून घेत असेल तर गणित फिरतं. त्याचा काटा सपाट फरशीवर ठेवायला लावा आणि काट्यावर पाणसळीचा बुडबुडा असेल तर तो मधोमध आहे का बघा. रद्दीसाठी स्प्रिंगचा लोंबता काटा आणला तर मी सरळ नाही म्हणायचा सल्ला देईन. त्याची सुई हाताच्या हालचालीबरोबर नाचते. सामान तोलायचा घरगुती लोंबता डिजिटल काटा शे-पाचशे रुपयांत मिळतो. तो व्यापारासाठी वैध नसतो, पण तुमच्या २० किलो रद्दीचे १५ किलो होत नाहीत ना, एवढं पाहायला पुरतो.

खरी मोठी चोरी मात्र काट्याच्या पोटात असते. काट्याला ‘एक किलो म्हणजे किती’ हे शिकवावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ९२० ग्रॅम ठेवून त्यालाच एक किलो म्हणायला शिकवलं की शून्य चोख दिसतं, टेअर चोख चालतं आणि प्रत्येक किलोला ८० ग्रॅम गायब. हे करता येऊ नये म्हणून कॅलिब्रेशनची जागा तारेने बांधून तारेवर शिशाचं सील ठोकतात. सीलवर निरीक्षकाची खूण, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं: जानेवारी ते मार्च ए, पुढच्या तीन महिन्यांना बी, मग सी आणि डी. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर वर्षी करावी लागते. लोखंडी वजनं, लिटरची मापं आणि साधी तागडी यांना दोन वर्षांची मुदत असते. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ते गल्ल्यामागे कॅलेंडरखाली दडलेलं असतं, पण असतं. तारीख उलटलेली असेल किंवा सीलची तार तुटलेली असेल तर तो काटा व्यापारात वापरणं हाच गुन्हा आहे. वजन कमी भरलं हे तुम्हाला सिद्धही करावं लागत नाही.

सील शाबूत असूनही संशय असेल तर सोपी चाचणी आहे. बाजूच्या किराणा दुकानातून एक किलो मिठाचा बंद पुडा घ्या आणि भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवा. एक किलोच्या पुड्यात कायद्याने जास्तीत जास्त १५ ग्रॅम तूट चालते आणि वेष्टनाचं वजन थोडे ग्रॅम असतं. म्हणजे आकडा साधारण ९९० ते १०१५ च्या दरम्यान यायला हवा. १०७० आला तर काटा शिकवलेला आहे. अर्धा लिटर दुधाची पिशवीही चालते: दूध पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्के जड असल्याने ती ५१५ ग्रॅमच्या आसपास भरते. दुकान पक्कं असेल तर त्याच्याकडे पडताळलेली वजनं मागता येतात. काट्याच्या कमाल क्षमतेच्या एक दशांश वजनं तपासणीसाठी ठेवायची असतात, म्हणजे ३० किलोच्या काट्याला ३ किलो.

“काट्याचा थोडा फरक असतोच हो,” हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर किती फरक चालतो ते माहीत हवं. काट्याच्या पाटीवर कमाल वजन, किमान वजन आणि इंग्रजी ‘ई’ अक्षरापुढे एक आकडा असतो. तो काट्याचा सर्वांत लहान पडताळणी-भाग, म्हणजे ज्याच्या पटीत काट्याची चूक मोजतात तो भाग. किराणा दुकानातले काटे अचूकतेच्या बहुधा तिसऱ्या वर्गाचे असतात. ‘ई’ ५ ग्रॅम असेल तर अडीच किलोपर्यंत पडताळणीच्या वेळी अडीच ग्रॅम आणि वापरात ५ ग्रॅम चूक चालते. त्यापुढे दहा किलोपर्यंत दुप्पट. थोडक्यात, किलोमागे ३० ग्रॅमला “काट्याचा फरक” म्हणता येत नाही.

याच पाटीवरचं किमान वजन फार कमी लोक वाचतात. तिसऱ्या वर्गात ते ‘ई’च्या वीसपट, म्हणजे ५ ग्रॅमच्या काट्यावर १०० ग्रॅम. त्या काट्यावर ५० ग्रॅम वेलदोडे तोलणं म्हणजे अंदाज मारणं. ३००० रुपये किलोच्या वेलदोड्यात ५ ग्रॅमचा फरक १५ रुपयांचा होतो, आणि यात दुकानदार प्रामाणिक असला तरी काटा त्या कामाचा नाही. लवंग, वेलची, केशर, सुकी कोळंबी अशा गोष्टी बारीक काट्यावर किंवा बंद पाकिटातच घ्याव्यात. सराफाचा काटा दुसऱ्या वर्गाचा आणि मिलिग्रॅम दाखवणारा असतो. तिथे वजनापेक्षा बिलाकडे लक्ष द्या. खडे, मीना आणि लाख यांचं वजन वजा करून सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं हवं. नाहीतर काचेच्या खड्याला सोन्याचा भाव लागतो.

आणखी एक: ऑनलाइन मिळणारे हजार रुपयांचे स्वयंपाकघरातले काटे हल्ली हातगाड्यांवर दिसतात. व्यापारी काट्याच्या पाटीवर ‘आयएनडी/०९’ने सुरू होणारा मॉडेल मान्यतेचा क्रमांक असतो. तो नसेल तर त्या काट्याला सील लागूच शकत नाही.

शेतमालाच्या बाजूला हीच गोष्ट कितीतरी मोठ्या आकड्यांत घडते. साखर कारखान्यांवर उसाच्या वजनातली काटामारी हा पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनांचा जुना लढा आहे. तिथे गाडीमागे क्विंटलभर गेलं तर किलोचा हिशोब कोण ठेवणार! पण युक्ती तीच, नुसता काटा मोठा.

पेट्रोल पंप

पंपाबद्दल सगळ्यात लोकप्रिय सल्ला म्हणजे १०० ऐवजी ११० रुपयांचं टाका, गोल आकड्यात चोरी ठरलेली असते. माझ्या मते हा सल्ला निरुपयोगी आहे. यंत्र कसं मोजतं ते पाहिलं की कळतं. आत एक पिस्टनचं मीटर असतं. इंधन त्यातून जाताना ते फिरतं. त्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेऱ्याचे विजेचे ठोके तयार करतो, आणि ते ठोके मोजून आकडे पुढे सरकतात. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले तेव्हा हाच पल्सर फेरफार केलेला सापडला होता. जादा ठोके घातले की इंधन कमी आणि आकडे जास्त. ही चोरी प्रत्येक लिटरमागे होते. ११० काय आणि १३७ काय, तिला फरक पडत नाही.

तिला पकडतं ते पाच लिटरचं माप. प्रत्येक पंपावर पडताळणीचा शिक्का असलेलं, वर अरुंद मान असलेलं धातूचं माप असायलाच हवं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात फुकट मोजून दाखवायचं असतं. पण मोजणी नीट झाली तरच तिला अर्थ आहे. कोरड्या मापात मोजलं तर भिंतींना चिकटलेल्या इंधनामुळे आकडा चुकतो, म्हणून आधी एकदा माप भरून ओतून टाकतात आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत उपडं धरतात. मग माप सपाट जागेवर ठेवायचं, यंत्र शून्यावर आणायचं, आणि नॉझल पूर्ण दाबून पाच लिटर सोडायचं. पातळी मानेवरच्या खुणेला डोळ्यांच्या रेषेत बघायची, वरून वाकून नाही. फरक २५ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत चालतो. त्याहून कमी भरलं तर वाद घालायला काही उरत नाही: ते नॉझल बंद व्हायला हवं. मोजलेलं पेट्रोल परत टाकीत जातं. तुम्हाला ते घ्यावं लागत नाही.

फेरफाराची चिप बटणाने किंवा रिमोटने बंद करता येते, म्हणून निरीक्षक दारात दिसल्यावर सगळी मापं सरळ होतात. ग्राहकाने अचानक मागितलेलं माप त्यामुळेच जास्त मोलाचं. “मॅनेजर नाहीत, माप आतल्या खोलीत आहे, चावी नाही” हे उत्तर आलं तर तीच तक्रार आहे. पंपाचं नाव, नॉझलचा क्रमांक आणि वेळ टिपा.

पन्नास रुपयांचं पेट्रोल भरणाऱ्यांना एक गोष्ट आवडणार नाही. वाटप यंत्राच्या पाटीवरही किमान माप लिहिलेलं असतं, आणि अर्धा लिटर त्याच्या खाली येतो. नळी आणि नॉझलच्या झटक्यातला थोडासा फरक एवढ्या छोट्या मापात टक्क्यांनी मोठा होतो. फसवणूक नसली तरी अचूकतेची हमी तिथे संपते. शक्य असेल तेव्हा एकदम दोन-तीन लिटर भरणं बरं.

हातचलाखीही जुनीच आहे. तुम्ही हजार सांगता, तो दोनशेवर थांबवतो, “सॉरी साहेब, चुकून झालं,” म्हणतो, दुसरा मुलगा कार्ड का यूपीआय विचारत मध्ये उभा राहतो, आणि तेवढ्यात यंत्र शून्य न करता आठशेपर्यंत नेलं जातं. गाडीत गेलं आठशेचं, दिले हजार. मधेच थांबलं की नॉझल जागेवर अडकवून शून्य होईपर्यंत पुढचं भरू देऊ नका, आणि दोन्ही भरण्यांची बिलं वेगळी मागा. गाडीतून उतरून आकड्यांसमोर उभं राहणं हा निम्मा बंदोबस्त.

भेसळीसाठी पंपावर फिल्टर पेपर मिळतो. नॉझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत उडून जायला हवा आणि डाग राहता कामा नये. फिकट गुलाबीसर छटा उरली तर घाबरू नका, तो पेट्रोलमध्ये घातलेल्या रंगाचा असतो. तेलकट कडा उरली तर घनता मोजून मागा. हायड्रोमीटर, तापमापी, जार आणि १५ अंश सेल्सिअसला रूपांतर करायचा तक्ता पंपावर असतो. नोंदवलेल्या घनतेपासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

सिलिंडर

घरगुती सिलिंडरमध्ये निव्वळ गॅस १४.२ किलो. रिकाम्या टाकीचं वजन प्रत्येक सिलिंडरचं वेगळं आणि ते टाकीवरच रंगवलेलं असतं. समजा १५.९ लिहिलंय, तर भरलेला सिलिंडर ३०.१ किलो भरायला हवा. १५० ग्रॅम इकडेतिकडे चालतं. घरपोच देणाऱ्याकडे काटा असायला हवा आणि मागितलं की तोलून द्यायला हवं. नुसतं प्लॅस्टिकचं सील शाबूत आहे म्हणून विश्वास ठेवू नये. सील परत लावणं ही फार मोठी कला नाही. अर्धा-एक किलो वाटेत दुसऱ्या टाकीत उतरवलेलं असतं ते फक्त वजनानेच कळतं. कमी भरला तर घेऊ नका, बदलून मागा.

पावतीवर छापलेल्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. वर मागितलेले तीस-पन्नास रुपये ही बक्षिसी, देणं ऐच्छिक. पाचव्या मजल्यावर पाठीवरून टाकी आणणाऱ्याला ते खुशीने द्यावेत असं मलाही वाटतं, पण “दिले नाही तर पुढच्या वेळी उशीर” हे ऐकलं तर एजन्सीकडे नाही, थेट तेल कंपनीच्या तक्रार क्रमांकावर जावं.

पाकीट

बंद पाकिटात चोरी कायद्याच्या आत राहूनही करता येते, म्हणून इथे राग जास्त येतो. पूर्वी बिस्किटं, चहा, तेल, डिटर्जंट अशा ठरावीक वस्तू ठरलेल्या वजनांतच विकाव्या लागत. ती अट काढली आणि त्याबदल्यात प्रति एकक किंमत छापणं आलं: एक किलोपेक्षा कमी पाकिटावर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो, द्रवांना मिलिलिटर-लिटर. आता १ किलोच्या जागी ९०० ग्रॅम आणि २०० च्या जागी १८० ग्रॅम, पाकीट तेवढंच फुगलेलं आणि किंमत तीच. यात बेकायदा काही नाही. एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात ‘रु. ०.४२ प्रति ग्रॅम’ असं काहीतरी दिसतं, तोच एक आकडा खरं बोलतो. ‘२५ टक्के जादा’वाल्या मोठ्या पुड्यापेक्षा दोन छोटे पुडे स्वस्त पडतात हे त्यावरूनच कळतं, आणि असं अनेकदा असतं.

तेलाचा किस्सा तर शिकवण्यासारखा आहे. तेल तापलं की पसरतं. २१ अंशांना एक लिटर सोयाबीन तेल ९१९.१ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६. काही कंपन्या पिशवीवर ‘६० अंश तापमानाला १ लिटर’ असं छापत. म्हणजे घरच्या तापमानाला लिटरमागे २५ ग्रॅमहून जास्त तेल कमी, आणि सगळं छापील! २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून लिटरबरोबर वजनही लिहायला सांगितलं, त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. अजूनही डब्यांच्या बाबतीत गफलत होतेच. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा बाहेरून सारखे. लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असतं. दोन दुकानांतले भाव पडताळताना हे सव्वा किलोहून जास्तीचं अंतर विसरलं की ‘स्वस्त’ डबा महाग पडतो.

वजनातली तूट किती चालते? ५० ते १०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार ग्रॅम, २०० ते ३०० मध्ये ९ ग्रॅम, ५०० ते १००० मध्ये १५ ग्रॅम, त्यावर १० किलोपर्यंत दीड टक्का. पण ही सूट एकट्या पाकिटाला आहे. सगळ्या मालाची सरासरी छापील वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून तक्रार करताना एकाच बॅचची चार-पाच पाकिटं कमी भरत असल्याचं दाखवता आलं तर ती भक्कम होते. फोडलेलं पाकीट पुरावा म्हणून चालत नाही, बंद ठेवा.

एमआरपीबद्दल थोडक्यात. ‘थंड करण्याचे दोन रुपये’ असं काही नसतं. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं नियमबाह्य आहे. एमआरपीवर वाढीव किमतीचा स्टिकर लावता येत नाही. कमी किमतीचा लावता येतो, पण तोही मूळ आकडा न झाकता. विमानतळ किंवा मॉलसाठी त्याच बाटलीवर वेगळी एमआरपी छापणं १ जानेवारी २०१८ पासून बंद आहे. मात्र हॉटेलात बसून मागवलेल्या पाण्याच्या बाटलीला ही मर्यादा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. तिथे वेटरशी भांडून उपयोग नाही, मेनूकार्ड आधी वाचा. सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी: तो बिलात आपोआप लावायचा नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले.

तक्रार कुठे

इथे लोक सर्वांत जास्त दमतात, कारण चुकीच्या दारात उभे राहतात. काटा, सील, पंपाचं माप, एमआरपी, पाकिटावरचा मजकूर हे सगळं वैधमापनशास्त्र यंत्रणेचं, म्हणजे बोलीभाषेत वजनमापे खात्याचं काम. प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं कार्यालय आणि विभागवार निरीक्षक असतात. त्यांना लेखी किंवा ईमेलने कळवा: दुकानाचं पूर्ण नाव-पत्ता, दिवस, वेळ, वस्तू, काट्याचा आकडा आणि सील दिसणारा फोटो, बिल. “भाव जास्त लावतात, माल खराब आहे, शिवाय उद्धट बोलतात” असं सगळं एका पत्रात कोंबू नका. निरीक्षकाला कारवाईसाठी एकच स्वच्छ उल्लंघन हवं असतं. बहुतेक प्रकरणं तडजोड शुल्क भरून मिटतात आणि ते पैसे सरकारजमा होतात, तुम्हाला मिळत नाहीत. याचा राग येतो, पण त्या भेटीनंतर काटा सरळ होतो हेही खरं.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती न्यायालय नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून तोडगा काढते. मोठ्या कंपन्या, ऑनलाइन विक्रेते, तेल कंपन्या इथे बऱ्यापैकी हलतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला तिचा धाक नसतो. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलसाठी १३९ जास्त कामाचा.

पैसे परत आणि भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, मालाची चाचणी लागणार असेल तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वर्षं जातात. म्हणून ६४ रुपयांच्या खोक्यासाठी आयोगात जाऊ नका, तिथे निरीक्षकच बरा. एकट्याने जमत नसेल तर ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन घ्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते, आणि तिचे सभासद एकत्र खरेदी करून माल आपसांत वाटून घेतात, त्यामुळे गल्लीतल्या काट्याचा प्रश्नच बराचसा मिटतो.

यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे. त्यात रक्कम असते, वस्तू आणि वजन नसतं. बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, तेव्हा मागताना संकोच नको. साध्या कागदावर दुकानाचा शिक्का, वस्तू, वजन आणि दर लिहून घेतलं तरी चालतं. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, पण थर्मल कागदावरची बिलं त्याआधीच पांढरी पडतात. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा, आणि फोटोत तारीख व बिल क्रमांक वाचता येतोय ना तेही बघून घ्या.